राउटरवर आगंतुक पाहुणे

महोदय,

आपल्या पुरवणीत वायफायचा वेग वाढवण्याच्या युक्त्या येतात. राउटरला (वायफाय देणाऱ्या डबीला) जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा, असे मात्र कुणी सांगत नाही. व्हिडिओ अडखळला की मी कंपनीच्या नावाने बोटे मोडायचो. परवा मुलीने ब्राउझरमध्ये आमच्या राउटरचा पत्ता, १९२.१६८.१.१, टाकून ती यादी उघडली (तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो, मागच्या स्टिकरवर पाहा). यादीत १४ उपकरणे, घरात माणसे तीन! टीव्ही, प्रिंटर, जुना टॅब ओळखू आले. दोन नावे मात्र कुणाचीच नव्हती. नुसते ब्लॉक करून भागत नाही, हल्लीच्या फोनला मॅक पत्ता (राउटर ज्यावरून उपकरण ओळखतो तो क्रमांक) बदलून पुन्हा शिरता येते. म्हणून वायफायचा पासवर्डच बदलला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्याची सोय) बंद केले. राउटरच्या सेटिंग्ज उघडण्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड तर इतकी वर्षे 'अ‍ॅडमिन'च होता, हे लिहितानाही लाज वाटते.

– एक वाचक