उपकेंद्राच्या सिस्टरांना, कुंपणाच्या तारेबद्दल

आदरणीय सिस्टर,

स. न. वि. वि.

बायपास होऊन घरी आल्यावर पहिला आठवडाभर मी खोकलोच नाही, हे आपल्याखेरीज कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. छातीत कफ घुरघुरत होता, पण मधोमध चिरलेले हाड एका उबळीने उकलेल या धास्तीने मी ती उबळ दात आवळून गिळत असे. शहरातील ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तेथील सर्जनच्या हाताला मी नाव ठेवणार नाही. परंतु सुट्टी देताना इंग्रजी कागदांची जाड फाईल आणि श्वासाच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे प्लास्टिकचे यंत्र हाती ठेवून "सगळे यात लिहिले आहे" असे सांगणाऱ्यांना, यवतमाळ जिल्ह्यातला मराठी शाळेत शिकलेला कास्तकार ते वाचणार कसे, हा प्रश्न पडला नाही. ते यंत्र मी आठ दिवस फुंकत होतो. त्यातून श्वास आत ओढायचा असतो, हे आपण चेहऱ्यावर हसू न येऊ देता सांगितलेत. भेटीस येणाऱ्या सोयऱ्यांविषयी न लिहिलेले बरे. अशाच ऑपरेशननंतर कोण कोण गेले, याची यादी प्रत्येकाजवळ तयार होती.

त्या दिवशी आपण बाजेच्या काठावर बसलात, घरच्या कापसाची लहानशी उशी माझ्या छातीवर ठेवून माझे दोन्ही हात तिच्यावर घेतलेत आणि वरून आपले हात दाबून म्हणालात, "खोका ना काका. तुम्ही कुंपणाले तार आवळता, तशीच तार आवळली हाये हाडाले. खोकल्यानं सुटत नाही." रानडुकरांपायी जन्मभर तार आवळत आलेल्या माणसाला ही गोष्ट कोणत्याही फाईलपेक्षा आधी पटली. मी खोकलो. दुखले, डोळ्यांत पाणी आले, पण काही उकलले नाही. पुढच्या गावचे लसीकरण बाकी असूनही कफ सुटेपर्यंत आपण हात काढला नाही. ज्ञान पुष्कळांजवळ असते, सिस्टर. ते समोरच्याच्या शेतातल्या भाषेत सांगण्याइतकी आपुलकी फार थोड्यांजवळ असते, आणि ती पगारातून येत नाही.

सध्या सातवा आठवडा चालू आहे. भरलेली बादली उचलण्याची अजून परवानगी नाही, त्यामुळे यंदाची वेचणी बांधावर बसूनच पाहिली. परवा मुलगा कुंपणाची तार आवळत असताना मला जोराची उबळ आली आणि उशी घरी राहिली होती. दोन्ही हात छातीशी धरले आणि मोकळेपणाने खोकलो.

आपला कृतज्ञ,
बाजेवरचा काका