रक्तपेढीतल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराला मी आईसाठी दोन पिशव्या रक्ताची चिठ्ठी घेऊन तुमच्या खिडकीशी उभी होते. आई अंगणातल्या शेवाळावर घसरली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं आणि सकाळी ऑपरेशन ठरलं होतं. चिठ्ठीवर 'ओ पॉझिटिव्ह' लिहिलेलं असूनही तुम्ही रक्त दिलं नाहीत. मी एवढं सांगितलं, की तुम्हाला मी आठवेन.

तेव्हा मला तुमचा राग आला होता. काचेपलीकडे फ्रिज दिसत होता. ओच्या पिशव्यांनी एक कप्पा गच्च भरलेला, बीच्याही जवळजवळ तेवढ्याच, एच्या त्याहून कमी, एबीच्या मोजून चार-पाच आणि खाली कोपऱ्यात निगेटिव्हच्या थोड्या. नंतर तुम्हीच म्हणालात, की शिबिरात जसे दाते येतात तसाच फ्रिज भरतो. आपल्याकडे ओ आणि बी मिळूनच दोन तृतीयांशाच्या आसपास, निगेटिव्ह 100 मध्ये पाचेक. युरोपात बी एवढा भेटत नाही, तिकडे ए आणि ओ पुढे. पण त्या रात्री मला एवढंच दिसत होतं, की ओचा कप्पा भरलेला आहे आणि माझ्या आईला त्यातली एकही पिशवी मिळत नाहीये.

तुम्ही मला आत बोलावून नळ्या दाखवल्यात. आईच्या रक्तातलं पाणी वेगवेगळ्या ओ पिशव्यांच्या पेशींशी लावून पाहिलेलं, आणि प्रत्येक नळीत तळाशी लाल गुठळी. नळी हलवली तरी ती फुटेना. "ओला ओ असं करत नाही," तुम्ही म्हणालात आणि विचारलंत, "वडिलांचा गट कोणता? तुमचा?"

बाबांचा ए, माझा बी.

ताई, हा प्रश्न मी बारावीपासून मनात दाबून ठेवला होता. जीवशास्त्राच्या तासाला शिकले, की आई ओ आणि वडील ए असतील तर मूल बी होऊ शकत नाही. त्या दिवशी घरी येऊन मी बाबांच्या रक्तदानाची कार्डं पुन्हा पुन्हा पाहिली. कुणाला काही विचारलं नाही. कसं विचारणार? बाबा गेले तेव्हाही तो सल तसाच होता.

तुम्ही मात्र माझं उत्तर ऐकून मान डोलावलीत, जणू तेच हवं होतं, आणि कागदावर काढून दाखवलंत. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात, तो एच नावाचा पदार्थ आईच्या पेशींवर नाहीच. त्यामुळे तिच्यातला बी साध्या तपासणीत दिसत नाही आणि कार्डावर ओ लागतो. बी मला तिच्याकडून आला आणि तो दिसायला लागणारा एच बाबांकडून. म्हणजे मी दोघांचीच! ती चिठोरी अजून माझ्या पाकिटात आहे.

हाच तो बॉम्बे रक्तगट. 1952 साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला म्हणून हे नाव. भारतात साधारण 10,000 माणसांत एखाद्याचा. ओ रक्तात एच भरपूर असतो आणि आईच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं लहानपणापासूनची. ती पिशवी चढली असती तर आईचं शरीर तिच्यावर तुटून पडलं असतं. जुन्या कार्डावर विसंबून कुणीही ती मला देऊन टाकली असती आणि मी आभार मानत घेऊन गेले असते, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

"आधी सख्खी भावंडं बोलवा, चारांत एकाची शक्यता असते," असं तुम्ही सांगितलंत. ऑपरेशन पुढे ढकललं. मावशी ओ निघाली, धाकटी मावशी बी. मामा पहाटेच्या एसटीनं आला, चिखलाचे पाय बाहेरच्या नळावर धुऊन आत शिरला. तुम्ही त्याची नळी उजेडात धरून तिरकी केलीत. या वेळी गुठळी नव्हती. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात त्यानं कधी रक्त दिलं नव्हतं, सुईकडे न बघता भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसरी पिशवी तुमच्या यादीतल्या एका दात्यानं दिली. पुण्याहून रात्रभर गाडी चालवत आला म्हणे. त्याची आमची भेट झाली नाही. माझा नमस्कार त्याला नक्की सांगा.

आई आता काठीशिवाय देवळापर्यंत जाते. बारावीतली ती गोष्ट मी तिला मागच्या महिन्यात सांगितली. ती बराच वेळ माझा हात धरून बसली, मग म्हणाली, "इतकी वर्षं एकटीनंच वागवलंस गं?"

मामाचं नाव तुमच्या निळ्या वहीत आहेच. पुरुषांना तीन महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं, हे त्यानं पक्कं लक्षात ठेवलंय. कुणाला लागलं तर वेळ न बघता फोन करा, तो पहिल्या एसटीनं येईल.

तुमची,
त्या रात्रीची बी पॉझिटिव्ह मुलगी