झगा बेतण्याआधी वाच

सातारा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून नुसतं 'बरं' लिहिलं. फोनवर मापं सांगितली की निम्मी विसरतात, ती कागदावरच हवीत. गॅदरिंगच्या नाटकात तू जादूच्या शाळेतली विद्यार्थिनी होणार, झगा स्वतः शिवणार आणि सगळा वेश आठशे रुपयांत बसवणार, हे वाचून मला फार आनंद झाला. 'शिवून पाठवा' म्हणाली असतीस तर संध्याकाळच्या एसटीने पाठवला असता. पण तू 'कसा बेतू ते सांगा' म्हणालीस.

हा झगा म्हणजे मुळात इंग्लंडच्या विद्यापीठांतला गाऊन. मध्ययुगात तिकडे शिकणारे-शिकवणारे बहुतेक चर्चशी बांधलेले, वर दगडी इमारतींतली थंडी, म्हणून असे पायघोळ झगे. ऑक्सफर्डला आजही विद्यार्थी परीक्षेला काळा गाऊन घालून बसतात. पदवीदानाचा गाऊन त्यातूनच आला, आणि वकिलांचाही त्याच्या नात्यातला. वकिलांचे गाऊन तू आपल्या दुकानात लहानपणापासून बघतेस. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून मी ते जास्तच शिवतोय, कारण जिल्हा कोर्टात गाऊन ऐच्छिक असला तरी हायकोर्टात लागतोच. त्याची सगळी शोभा घोळात असते. वकील वळले की गाऊन क्षणभर मागे राहतो आणि मग त्यांच्यामागून येतो. तुझ्या झग्यातही मला तेच हवंय, त्यामुळे पैसे कापडात घाल. बाकीचं सगळं घरातून निघेल.

काळं साटीन घेऊ नकोस. स्टेजच्या दिव्याखाली ते चकाकतं आणि प्रत्येक टाका उघडा पडतो. पॉपलीन स्वस्त मिळेल, पण अंगावर फुगून बसतं. पुण्यात रविवार पेठेत कटपीसच्या दुकानात जा आणि सुटिंगचं काळं टेरिकॉट माग, ५८ इंची पन्ना, तीन मीटर. एक टोक हातात धरून बाकीचं खाली सोड. सरळ, जड पडलं तर चांगलं. मग मुठीत घट्ट चुरगळून सोड. चुण्या मोडल्या तर घे. कटपीस म्हणून भाव कर, साडेचारशेच्या वर जाऊ नकोस. उजेडासमोर धरून डाग आणि भोकं बघायला विसरू नकोस, कटपीसमध्ये ती असतात.

आता बेतणं. या झग्याला वेगळी बाही लावायची नाही, मुंढाही नाही. कापड आधी उभं दुमड, मग आडवं, म्हणजे चौघडी झाली: रुंदी २९ इंच, लांबी ५९. चारही घड्यांचा जो कोपरा तो तुझा गळा. वरची घडी खांद्याची. तिथून टोकापर्यंतचे २९ इंच म्हणजे खांदा आणि बाही मिळून, तुझ्या मनगटाच्या खाली चार बोटं येईल, तशीच हवी. बाहीचं तोंड खांद्याच्या घडीपासून खाली १५ इंच. काखेची खूण घडीपासून खाली १० आणि मधल्या घडीपासून १३ इंचांवर. या दोन खुणा रेघेने जोड. खांद्यापासून घोट्यापर्यंत तुझं माप ५२, त्यात तुरपाईला २ धरून ५४ इंचांवर खालची रेघ मार. तिथे मधल्या घडीपासून १७ इंचांवर खूण कर आणि काखेपासून तिथपर्यंत तिरकी रेघ आण. गळ्याला बाजूला ३, मागे १, पुढे ३. शेवटी फक्त पुढचा पदर मधोमध उभा काप. मागचा कापला गेला तर पाठीला जोड येईल, म्हणून कात्री चालवण्याआधी वरचा थर हाताने वेगळा करून बघ.

काख टोकदार कापू नकोस, गोल कर. टीप मारून झाल्यावर त्या गोलाईला शिलाईपर्यंत बारीक काप दे, पण शिलाईला कात्री लागू देऊ नकोस. काप नसले की तिथे कापड ओढलं जातं आणि हात वर केला की अख्खा झगा वर चढतो. काखेला दुहेरी टीप मार. हात उंचावून मंत्र म्हणायचाय ना, सगळा ताण तिथेच येणार.

कापून उरलेले चार लांबट तुकडे जपून ठेव. त्यातल्या दोनांतून १२ बाय १५ चे दोन भाग काप, मागून आणि वरून गोलाई देऊन जोड, की टोपरं तयार. तुझ्या बारशाची कुंची आईने ठेवली आहे, अगदी त्याच घाटाचं, फक्त मोठं. गळ्यापेक्षा टोपऱ्याची कड मोठी भरेल. ती जादा मागे दोन चुण्यांत बसव, समोर नको. वकिलांच्या गाऊनलाही पाठीला चुण्याच असतात, घोळ तिथूनच सुटतो. तिसऱ्या तुकड्यातून आत डाव्या बाजूला छडीसाठी १३ इंच खोल, अडीच इंच रुंद खिसा लाव.

टोपऱ्याच्या अस्तराला विकत काही आणायचं नाही. ओटीत आलेल्या ब्लाउज पीसांची आईकडे रास आहे, त्यातले मरून रंगाचे दोन पाठवतोय. एक सुती आहे, तो टोपऱ्यासाठी. आधी पाण्यात रंग उतरायचा थांबेपर्यंत धुऊन वाळव, नाहीतर स्टेजवरच्या घामाने रंग तुझ्या पांढऱ्या शर्टावर उतरेल. समोरच्या दोन्ही कडांना आतून त्याच्याच चार इंची पट्ट्या लाव, चालताना तेवढाच रंग दिसेल आणि तो फार सुंदर दिसतो. दुसरा पीस साटीनचा आहे, त्याचा टाय कर. तुझ्या शाळेचा टाय सोबत ठेवलाय, त्यावरच मढव. तुळशीबागेतून अर्धा इंची सोनेरी फीत आण आणि तिरक्या पट्ट्या हातशिलाईने बसव. साटीनच्या कडेचे दोरे सुटतात, ते पॉलिस्टर असल्यामुळे मेणबत्तीची आच लांबून दाखवली की बसतात.

मैत्रिणीच्या मावशीचं मशीन तुला एका संध्याकाळपुरतंच मिळणार, तेव्हा खोलीवरच सगळीकडे कच्चा धावदोरा घालून ठेव. मशीनवर बसलीस की फक्त टिपाच मारायच्या राहतील. टेरिकॉटला सोळा नंबरची सुई लाव आणि आधी चिंधीवर टीप मारून दोऱ्याचा ताण बघ. खालची तुरपाई मात्र हातानेच कर. मशीनची कड ताठ राहते, घोळ मरतो.

पांढरा शर्ट, करडी पँट तुझ्याकडे आहेच. आजीने तिचा करडा स्वेटर दिलाय, हवं तर बाह्या आत दुमड. छडीला बांबूची काडी घे, मुठीला फेव्हिकॉल लावून सुतळी गुंडाळ, वाळली की तपकिरी रंग दे आणि वरून काळं बूट पॉलिश चोळ. उडायच्या झाडूसाठी केरसुणी वापरू नकोस, खराटा घे आणि लांब काठीला बांध. छातीवरचं चिन्ह छापील आणू नकोस. साखळी टाका तुला आजीने शिकवलाय, नाटकात तुमच्या गटाचा जो प्राणी असेल तो त्याने भर.

पार्सल उद्या सकाळच्या स्वारगेट गाडीने येईल. कापडावर खडूने आखून झालं की कात्री लावण्याआधी फोटो पाठव, गळा आणि काख दोन्ही दिसतील असा. मी दुकानात रात्री नऊपर्यंत आहे.

तुझे बाबा