यामातोच्या जागी विमानवाहू असत्या तर

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. फोनवर भांडण मिटलं नाही म्हणून तू थेट पत्रच धाडलंस, हे बरं केलंस. दुसऱ्या महायुद्धाआधी जपानने यामातो आणि मुसाशी या बॅटलशिपांऐवजी, म्हणजे अवजड तोफांच्या चिलखती युद्धनौकांऐवजी, विमानवाहू नौका बांधल्या असत्या, तर १९४२ मध्ये पारडं फिरलं असतं, असं तुझं म्हणणं. आत्याबाईला मिशा असत्या तर... हे ठाऊक असूनही मी त्याच नादात आहे.

आधी एक सांगतो. बॅटलशिपांचा आग्रह धरणारे ते जपानी तोफावाले तू म्हणतोस तितके आंधळे नव्हते. १९३७ च्या एकाच बांधणी कार्यक्रमात यामातो-मुसाशीही होत्या आणि शोकाकू-झुइकाकू या विमानवाहू नौकाही. संख्येत अमेरिकेला गाठणं अशक्य, म्हणून ४६ सेंटीमीटरच्या तोफा. तशा तोफा पेलणारी अमेरिकी नौका पनामा कालव्यात मावणार नाही, असा हिशेब. आरमाराच्या हवाई खात्याचा प्रमुख असताना अ‍ॅडमिरल यामामोतोने विरोध केला, पण कोणी ऐकलं नाही. गंमत बघ, आकागी आणि कागा या त्यांच्या गाजलेल्या विमानवाहू नौका मुळात तोफांसाठीच आखलेल्या. बॅटलशिपांवर मर्यादा घालणाऱ्या १९२२ च्या वॉशिंग्टन तहाने हात बांधले, म्हणून त्या विमानवाहू झाल्या!

बरं, तुझंच धरून चालू. कुरे आणि नागासाकीच्या गोद्यांतून १९४१ अखेर यामातो-मुसाशीऐवजी शोकाकूसारख्या आणखी दोन विमानवाहू बाहेर पडल्या. पुढे काय? एप्रिल १९४२ मध्ये हिंदी महासागरात जपानने पाच मोठ्या विमानवाहू नौका आणल्या. ब्रिटिशांची विमानवाहू हर्मीस सिलोनजवळ (आजची श्रीलंका) बुडाली, ब्रिटिश अ‍ॅडमिरल सॉमरव्हिलचं आरमार मागे हटलं; काही नौका मोंबासाकडे गेल्या, काही आपल्या मुंबईत आल्या. तिथे जास्तीच्या नौकांवाचून जपानचं काहीच अडलं नाही.

अडलं ते पुढच्या महिन्यात, ऑस्ट्रेलियाजवळच्या कोरल समुद्रात, अमेरिकनांशी झालेल्या लढाईत. शोकाकूवर बॉम्ब पडले. झुइकाकू पावसाच्या सरीत लपली, तिला ओरखडासुद्धा नाही. पण तिची विमानं आणि वैमानिक इतके खर्ची पडले की जूनमध्ये मिडवे बेटाजवळच्या निर्णायक लढाईला तिला नेलंच नाही. धडधाकट नौका घरी! कोरल समुद्रातच जखमी झालेल्या आपल्या यॉर्कटाउन या विमानवाहू नौकेला अमेरिकनांनी पर्ल हार्बरला जेमतेम तीन दिवसांत डागडुजी करून, बहुतेक साराटोगा या दुसऱ्या विमानवाहू नौकेची स्क्वाड्रन्स (विमानांच्या तुकड्या) चढवून मिडवेला धाडलं. जपानी पद्धतीत वैमानिकांची तुकडी नौकेशी बांधलेली. शोकाकूचे उरलेले वैमानिक झुइकाकूवर चढवायला पोलाद लागत नव्हतं रे, नियम मोडायची तयारी लागत होती. इतिहासात एकच बदल करायची मुभा मिळाली तर मी यामातोला हात लावणार नाही, हा नियम बदलेन. मिडवेला चारऐवजी पाच नौका दिसतील, आणि त्याही १९३७ चं अंदाजपत्रक न फाडता.

तुझ्या जास्तीच्या दोन नौकांना वैमानिक कुठून आणणार? जपान मोजकेच निवडायचा, त्यांतलेही बरेच गाळायचा. उरलेले अप्रतिम, पण गेले की गेले. ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपीन्समधल्या लेतेच्या लढाईत झुइकाकू जवळजवळ रिकाम्या डेकने केवळ आमिष म्हणून पुढे केली गेली आणि बुडाली. आदल्याच दिवशी मुसाशीला अमेरिकी विमानांनी बुडवलं होतं. तू यावर बोट ठेवणार, ठाऊक आहे. विमानापुढे बॅटलशिप हरते हे मी कुठे नाकारतोय?

शिनानोचा दाखला मी तुझ्याविरुद्ध वापरत नाही. यामातोची ती धाकटी बहीण मिडवेनंतर खरोखरच विमानवाहू केली आणि दाखल झाल्यापासून दहा दिवसांत एका पाणबुडीने तिला बुडवलं. पण ते १९४४ साल, तेव्हा काहीही केलं असतं तरी उशीरच होता.

आता तू म्हणशील, १९३७ पासूनच शेकड्यांनी वैमानिक घडवले असते तर. चालेल. पण सरावाला इंधन लागतं, आणि त्यांचं बहुतेक तेल अमेरिकेहूनच यायचं. ऑगस्ट १९४१ मध्ये तेही बंद झालं. तेव्हा पुढच्या पत्रात नौकांची यादी नको, तेलाचा हिशेब पाठव. तोही आकड्यांसकट, नेहमीसारखा हवेत नको.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद