रेल्वे श्रीनगरला पोहोचली, पण गुलमर्गच्या वाटेचे काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की नाशिकमध्ये सहलींच्या जाहिरातींना ऊत येतो. हल्ली त्यांत काश्मीरला, विशेषतः गुलमर्गला, रेल्वेने नेण्याचे आश्वासन ठळक अक्षरांत दिसते आणि त्याला कारणही तसेच आहे. ६ जून २०२५ रोजी कटरा ते श्रीनगर वंदे भारत गाडीचे उद्घाटन झाले, नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीवरच्या चिनाब पुलावरून प्रवासी गाड्या जाऊ लागल्या आणि अनेक वर्षे तुकड्यातुकड्यांनी चालू असलेला उधमपूर ते बारामुल्ला हा २७२ किलोमीटरचा मार्ग अखेर सलग झाला. या कामाचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. माझी तक्रार रेल्वेमार्गाबद्दल नाही. श्रीनगर स्थानक ते गुलमर्ग या सुमारे पन्नास किलोमीटरच्या टप्प्याबद्दल आहे, कारण जाहिरातींत त्याविषयी अवाक्षर नसते आणि म्हातारी माणसे, लहान मुले व लोकरी कपड्यांनी फुगलेल्या बॅगा घेऊन निघालेल्या कुटुंबाचे हाल होतात ते नेमके तिथेच.

आधी श्रीनगरपर्यंतच्या प्रवासाविषयी थोडक्यात लिहितो. नाशिकरोडहून राजधानी, पंजाब मेल किंवा मंगला एक्स्प्रेसने दिल्ली गाठून पुढची गाडी धरता येते, अन्यथा मनमाडला जाऊन झेलम एक्स्प्रेसने थेट जम्मूतवीपर्यंत जाता येते. मात्र नाशिकमध्ये बसलेल्या गाडीतून श्रीनगरला उतरता येत नाही. जम्मू-कटरा भागात गाडी बदलावीच लागते, सुरक्षा तपासणीसाठी हाताशी भरपूर वेळ ठेवावा लागतो आणि पुढची गाडी खुर्च्यांच्या डब्यांची असल्याने मोठ्या बॅगा वरच्या फळीवर मावत नाहीत. ज्यांना मुलांना बर्फावर घसरायला न्यायचे आहे, त्यांनी जाड कपड्यांचे एकच अवजड बोचके न करता दोन-तीन लहान बॅगा कराव्यात, हे मी अनुभवाने सांगतो.

श्रीनगरचे स्थानक शहराच्या मध्यात नसून नौगाम भागात आहे. आपल्याला यात नवल वाटायला नको, कारण आपले स्थानकही गावापासून लांब नाशिकरोडला आहे. परंतु नाशिकरोडला उतरलेल्या माणसाला बाहेर येताच शहरात जाणारी सिटीलिंकची बस मिळते आणि तिचे भाडे कोणाशी घासाघीस करून ठरवावे लागत नाही. श्रीनगरला गुलमर्गच्या दिशेने माणशी भाडे घेऊन सीट भरून जाणाऱ्या सुमो शहरातल्या अड्ड्यांवरून सुटतात. म्हणजे सामानासह आधी तिथवर पोहोचायचे आणि मग सुमोचे पाहायचे. बाहेरगावचे कुटुंब हा द्राविडी प्राणायाम करीत नाही. ते स्थानकाबाहेरची अख्खी टॅक्सी ठरवते.

ही टॅक्सी नारबल, मागाम, कुंझर अशी गावे मागे टाकत टंगमर्गला येते. टंगमर्गपासून गुलमर्ग तेरा किलोमीटरवर आहे आणि हा सगळा रस्ता देवदारांच्या जंगलातला चढाचा व वळणांचा आहे. बर्फ पडून गेले असेल तर चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या गाड्याच वर सोडल्या जातात. सुरक्षेच्या दृष्टीने हा नियम शंभर टक्के योग्य आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब गेलो तेव्हा ‘गुलमर्गपर्यंत’ म्हणून भाडे ठरवलेल्या चालकाने टंगमर्गच्या बाजारात गाडी उभी केली, टपावरच्या बॅगा काढून चिखलमिश्रित बर्फात ठेवल्या आणि पुढे स्थानिक गाडी करा, असे सांगून तो मोकळा झाला. पाठोपाठ गमबूट आणि लांब कोट भाड्याने देणारे भोवती जमले. वर जाणाऱ्या गाडीचा दर त्याच जागी, त्याच थंडीत, नातवंडांचे ओले झालेले कापडी बूट पाहून ठरला. अशा वेळी घासाघीस करण्याची ताकद कोणात असते? ज्या चालकाने आम्हाला वर नेले तो मात्र अत्यंत सावध आणि मायाळू होता. प्रत्येक वळणाआधी वेग कमी करून तो समोरून उतरणाऱ्या गाडीला वाट देत होता आणि साखळ्यांचा खडखडाट ऐकून घाबरलेल्या धाकट्याला, हा आवाज येतो आहे तोवर काळजी नाही, असे समजावत होता. तेव्हा दोष तिथल्या माणसांना देण्यात अर्थ नाही. त्यांचा हंगाम मोजक्या महिन्यांचा असतो आणि बर्फ वेळेवर पडले नाही तर तोही हातचा जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा पुढे ढकलावा लागला होता.

वाटेत गाडी बदलावी लागणे यातही काही गैर नाही. नेरळ स्थानकाबाहेर माथेरानला जाणाऱ्या टॅक्सी रांगेत उभ्या असतात, माणशी दर ठरलेला असतो, गाडी भरली की निघते आणि दस्तुरी नाक्याला सोडते. तिथून पुढे वाहनबंदी आहे, चालावे लागेल, घोडा घ्यावा लागेल किंवा मिनी ट्रेन पकडावी लागेल, हे घरून निघण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक असते, म्हणून कोणी चिडत नाही. स्वित्झर्लंडमधील झरमॅट या स्कीइंगच्या गावातही खासगी मोटारी नेता येत नाहीत. त्या खाली टॅश येथे ठेवून रेल्वेने वर जावे लागते आणि झुरिकहून निघणाऱ्याला तर झरमॅटपर्यंतचे रेल्वेचे एकच तिकीट मिळते. आपल्याकडे नेरळसारखी साधी व्यवस्था शतकभर जुन्या थंड हवेच्या ठिकाणी जमते, मग देशातल्या सर्वांत नावाजलेल्या बर्फाच्या उतारावर का जमू नये, हा माझा प्रश्न आहे.

उपायही फार खर्चिक नाही. सकाळच्या वंदे भारतला कटरा ते श्रीनगर अंतर कापायला सुमारे तीन तास लागतात. तिच्या वेळेशी जोडून जम्मू-काश्मीरच्या मार्ग परिवहन महामंडळाची एक बस थेट स्थानकातून टंगमर्गला सोडावी, टंगमर्गला साखळ्या लावलेली लहान वाहने तयार ठेवावीत आणि या दोन्ही टप्प्यांचे आसन रेल्वेच्या तिकिटासोबतच काढता यावे, एवढेच मागणे आहे. मला तर असेही वाटते, की बस श्रीनगरहून न सोडता मागामजवळच्या माझहोम स्थानकावरून सोडली तर ती अधिक सोयीची ठरेल. बनिहाल-बारामुल्ला मार्गावरच्या गाड्या तिथे थांबतात आणि मागाम हे गुलमर्गच्या जवळजवळ निम्म्या वाटेवर आहे. अर्थात त्यासाठी श्रीनगरला पुन्हा गाडी बदलावी लागेल, आणि आजी-आजोबांना ते कितपत रुचेल याची मला शंका आहे.

तोवर जे कुटुंबासह जाणार आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी नमूद करतो. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरातल्या निदान एकाकडे पोस्टपेड क्रमांक नसेल तर हॉटेलशी संपर्क होत नाही आणि गोंडोलाचे, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेचे, ऑनलाइन तिकीटही मोबाइलवर उघडत नाही. दुसरे असे, की दुपारी उशिरा कटऱ्याहून निघून त्याच दिवशी गुलमर्ग गाठण्याचा हट्ट धरू नये. जानेवारीत तिथे लवकर अंधारते, रस्त्यावर बर्फ गोठू लागते आणि गुलमर्ग हे साडेसव्वीसशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार मीटर उंचीवर आहे. वर पोहोचल्यावरही गाडीतळापासून हॉटेलपर्यंत बर्फातून चालत किंवा सामान ढकलगाडीवर लादून जावे लागू शकते. त्यापेक्षा एक रात्र श्रीनगरला काढून सकाळी निघालेले बरे.

नाशिकच्या प्रवासी संस्थांनीही कार्यक्रमपत्रिकेत ‘श्रीनगर ते गुलमर्ग, गाडीने’ अशी एक ओळ लिहून मोकळे होऊ नये. टंगमर्गला गाडी बदलावी लागते का, वरच्या गाडीचे भाडे पॅकेजमध्ये धरले आहे की प्रवाशाने जागेवर द्यायचे आहे, गमबुटांचे पैसे कोणाकडे, हे आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी लेखी द्यावे. आपल्या पर्यटन पुरवणीत काश्मीरवर लेख प्रसिद्ध होतात तेव्हा चिनाब पुलाच्या छायाचित्राशेजारी या तेरा किलोमीटरची माहिती देणारी एक चौकट छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, जेल रोड, नाशिकरोड