व्हेनिसला अर्धा दिवस नको, दोन रात्री द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की गोव्यातून युरोपला जाणाऱ्या सहलींच्या जाहिराती सुरू होतात. दहा-बारा दिवसांत पाच-सहा देश, आणि त्यांत व्हेनिसच्या वाट्याला अर्धा दिवस. हा अर्धा दिवस जातो कसा? बस मुख्य भूमीवरून पूल ओलांडून त्रोंकेत्तोच्या बसतळावर थांबते. तिथून बोटीने सान मार्को चौकाजवळच्या धक्क्यावर उतरायचे, चौकात फोटो काढायचे, काच फुंकण्याचे प्रात्यक्षिक पाहायचे, जमल्यास गोंडोलात बसायचे आणि ठरलेल्या वेळी पुन्हा धक्क्यावर गोळा व्हायचे. हे सगळे सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत, म्हणजे ऊन कडक असताना आणि दिवसापुरते आलेले हजारो लोक त्याच मोजक्या गल्ल्यांत असताना. परतलेली माणसे गर्दी आणि महागाई एवढेच सांगतात, यात नवल नाही. दोष शहराचा नाही, वेळेचा आहे. म्हणून उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी काही माहिती सविस्तर देत आहे.

आधी तिथल्या रहिवाशांविषयी. 1951 साली व्हेनिसच्या जुन्या शहरात सुमारे 1,75,000 लोक राहत होते. आज ही संख्या 50,000 च्याही खाली आहे. घरे पर्यटकांना भाड्याने गेली, किराणा दुकानांच्या जागी मुखवट्यांची दुकाने आली. आसगाव-शिवोलीत राहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. दारात उभे राहून फोटो काढणाऱ्यांना वैतागलेले पणजीच्या फोंतायनासचे लोकही ही गोष्ट जाणतात. त्यामुळे आपण पाहुणे म्हणून जाताना जरा जास्त जाणतेपणाने वागावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून व्हेनिस नगरपालिका 2024 पासून प्रवेश शुल्क घेते. 2025 साली एप्रिल ते जुलैमधले 54 दिवस ते लागू होते, मुख्यतः शुक्रवार ते रविवार, सकाळी 8.30 ते दुपारी 4. आधी नोंदणी केली तर 5 युरो, अगदी शेवटच्या तीन दिवसांत केली तर 10. तारखा दरवर्षी बदलतात, त्या नगरपालिकेच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहाव्यात. शहरात मुक्काम करणाऱ्याला हे शुल्क नाही, कारण तो हॉटेलात पर्यटक कर भरतो. पण सूट आपोआप मिळत नाही. त्याच संकेतस्थळावर सवलतीची नोंद करून क्यूआर कोड मोबाइलवर ठेवावा लागतो. गोंधळ होतो तो इथे. मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचे उपनगर व्हेनिस नगरपालिकेतच येते, म्हणून तिथे राहणाऱ्यालाही सूट आहे. पादोव्हा या वेगळ्या शहरात उतरलेल्याला नाही. चौदा वर्षांखालील मुलांना शुल्क माफ आहे, आणि मुरानो, बुरानो, लिदो या बेटांवर ते लागू नाही.

मुक्काम कुठे करावा? मेस्त्रे स्वस्त आहे, आगगाडीने जुन्या शहरातले सांता लुचिया स्थानक सुमारे दहा मिनिटांवर. तरीही पैसे परवडत असतील तर बेटावरच, म्हणजे जुन्या शहरातच राहावे, असे माझे ठाम मत आहे. संध्याकाळी सहानंतर सहलींच्या बसेस निघून जातात आणि शहर मोकळे होते. जूनमध्ये पहाटे साडेपाचच्या आसपास उजाडते आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो. म्हणजे पहाटेचे तीन तास आणि संध्याकाळचे तीन तास गर्दीविना मिळतात. दोन रात्री राहिले की असे बारा तास होतात. सहा विभागांपैकी कान्नारेजो आणि कास्तेल्लो राहायला बरे, सान मार्को टाळावा. घर भाड्याने घेणार असाल तर त्याचा राष्ट्रीय ओळख क्रमांक जाहिरातीत दिलेला आहे का ते पाहावे. 1 जानेवारी 2025 पासून तो इटलीत बंधनकारक आहे. लिदोवर ऑगस्टच्या अखेरीस चित्रपट महोत्सव सुरू होतो, तेव्हा तिथले दर वाढतात.

सामान हा इथला सर्वांत मोठा त्रास. शहरात 400 हून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. मोटारी नाहीत, रिक्षा नाही, सायकलही नाही. चाकांची मोठी बॅग घेऊन पाच पूल ओलांडले की गुडघेदुखी असलेल्या माणसाचा दिवस संपलाच. उपाय सोपा: माणशी एक लहान बॅग घ्यावी, मोठी बॅग मेस्त्रे किंवा सांता लुचिया स्थानकाच्या सामानघरात ठेवावी, आणि हॉटेल निवडताना 'सर्वांत जवळचा बोटीचा धक्का कोणता आणि तिथून किती पूल' हे दोन प्रश्न आधी लिहून विचारावेत. पत्त्यावर विसंबू नये. तिथे घरक्रमांक रस्त्यानुसार नसतात, अख्ख्या विभागात एकच क्रम चालतो, त्यामुळे लगतचे दोन आकडे वेगवेगळ्या गल्ल्यांत सापडतात. अरुंद गल्लीत मोबाइलचा नकाशाही चुकतो. भिंतींवरच्या पिवळ्या पाट्या बघाव्यात: रियाल्तो, सान मार्को, फेर्रोव्हिया म्हणजे आगगाडी स्थानक, आणि पियाझ्झाले रोमा म्हणजे बसस्थानक. विमानतळावरून पियाझ्झाले रोमाला बस येते. विमानतळाच्या बोटी वेगळ्या कंपनीच्या आहेत, शहरातल्या बोटींचा पास त्यांवर चालत नाही.

आता वापोरेत्तो, म्हणजे तिथली फेरीबोट. रिबंदर-चोडणची फेरी पकडणाऱ्याला बोटीत चढण्या-उतरण्याची सवय असते, पण तिकिटाची पद्धत निराळी आहे. 75 मिनिटांचे एक तिकीट 9.50 युरोचे. 24 तासांचा पास 25, 48 तासांचा 35, 72 तासांचा 45 युरो. दिवसातून तीनदा बोट घेणार असाल तर पासच परवडतो. सहा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, आणि 6 ते 29 वयाच्यांना एक वेगळे ओळखपत्र घेतल्यास 72 तासांचा पास बराच स्वस्त पडतो. कॉलेजच्या मुलांनी तो जरूर घ्यावा. पासचा वेळ तो विकत घेतल्यापासून नाही, धक्क्यावरच्या यंत्राला पहिल्यांदा लावल्यापासून सुरू होतो. म्हणून आदल्या दिवशी घेतला तरी घाईने लावू नये. मात्र त्यानंतर प्रत्येक वेळी चढताना तो यंत्राला लावावाच लागतो. खिशात पास असूनही न लावल्याबद्दल दंड होतो, आणि तपासनीस सबबी ऐकत नाही.

1 क्रमांकाची बोट ग्रँड कॅनाल या मुख्य कालव्यातून जवळजवळ प्रत्येक धक्क्यावर थांबत जाते. पियाझ्झाले रोमा ते सान मार्को पाऊण तास लागतो, पण दोन्ही काठांवरचे वाडे बघायचे तर हीच बोट. 2 क्रमांकाची कमी थांब्यांची, लवकर पोचणारी. 4.1 आणि 4.2, तसेच 5.1 आणि 5.2 या शहराला वळसा घालणाऱ्या जोड्या आहेत, एक सुलटी तर एक उलटी. सर्वाधिक चुका इथेच होतात: रियाल्तोसारख्या मोठ्या ठिकाणी एकाच नावाचे अनेक तरंगते धक्के असतात, एकावरून या दिशेची बोट सुटते आणि दुसऱ्यावरून त्या. धक्क्याचे अक्षर आणि बोटीचे शेवटचे ठिकाण दोन्ही वाचल्याशिवाय चढू नये. पाठीवरची सॅक उतरवून पायांशी ठेवावी, असा नियम आहे. बुरानोला जाणारी 12 क्रमांकाची बोट फोंदामेंते नोवेवरून सुटते, पाऊण तास घेते, आणि दहानंतर तिच्यासाठी लांब रांग लागते. आठच्या आधी निघावे. इटलीत वाहतुकीचे संप आधी जाहीर होतात, त्याला 'शोपेरो' म्हणतात. धक्क्यावर हा शब्द दिसला तर तारीख टिपून ठेवावी.

गोंडोलाचा अधिकृत दर बोटीमागे आहे, माणशी नाही: दिवसा 30 मिनिटांना 90 युरो, संध्याकाळी सातनंतर 35 मिनिटांना 110, जास्तीत जास्त पाच जण. घासाघीस करण्यापेक्षा चढण्याआधी मिनिटे आणि रक्कम स्पष्ट बोलून घ्यावी. नुसता अनुभव हवा असेल तर 'त्रागेत्तो' घ्यावा. ही मोठी गोंडोला लोकांना ग्रँड कॅनालच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर नेते, दोन युरोंत.

दिवसाची आखणी अशी केली तर ऊन आणि गर्दी दोन्ही चुकतात. सान मार्को चौक सकाळी सात वाजता पाहून घ्यावा. तिथल्या बॅसिलिकाचे, म्हणजे मोठ्या चर्चचे तिकीट आधी वेळेसह काढावे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मोठी सॅक आत नेता येत नाही. चौकातला घंटामनोरा जुना दिसतो, पण मूळचा 14 जुलै 1902 रोजी कोसळला आणि आताचा 1912 साली पुरा झाला. त्यावर चढायची रांग बघून हिरमोड होत असेल तर समोरच्या बेटावरच्या सान जोर्जो माज्जोरे चर्चचा मनोरा गाठावा. तिथेही लिफ्ट आहे, रांग लहान असते, आणि तिथून दिसणाऱ्या दृश्यात खुद्द सान मार्को येतो. बारा ते चार भिंतींच्या आत काढावेत. फ्रारी चर्चमध्ये चित्रकार तिशियनने 1518 साली पूर्ण केलेले मारियेच्या स्वर्गारोहणाचे चित्र आहे, आणि शेजारच्या सान रोक्को सभागृहात तिंतोरेत्तोने चित्रांनी भिंती-छत भरून टाकले आहेत. जुन्या गोव्याची चर्चे पाहत वाढलेल्या माणसाला या दोन जागा चौकापेक्षा अधिक देतील. संध्याकाळी झात्तेरेचा काठ, किंवा 1516 साली वसवलेल्या ज्यू वस्तीच्या पलीकडचे कान्नारेजोचे कालवे. सान त्रोव्हाझोजवळ गोंडोला दुरुस्त करण्याचा जुना कारखाना कालव्याच्या समोरच्या काठावरून दिसतो. त्यासाठी तिकीट नाही.

मासे खाणाऱ्यांना एक इशारा. जेवणाच्या यादीत माशासमोर छापलेला आकडा पुष्कळदा पूर्ण माशाचा नसतो, 100 ग्रॅमचा असतो. तिथे 'एत्तो' असे लिहिलेले असते. मासा वजन करून दाखवा आणि एकूण रक्कम सांगा, असे आधी म्हणावे. पदार्थापुढे तारका (*) असेल तर तो बर्फातला. रियाल्तोची मासळी बाजारपेठ मंगळवार ते शनिवार सकाळी भरते, रविवार-सोमवार बंद. 'साओर' म्हणजे तळलेले तारले कांदा आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेले; गोव्याच्या जिभेला ते लगेच रुचते. कॉफी काउंटरपाशी उभ्याने घेतली तर स्वस्त, टेबलावर बसून महाग, आणि सान मार्को चौकात वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचे वेगळे पैसे बिलात येतात. पाणी विकत घेऊ नये, चौकाचौकांतल्या नळांचे पाणी पिण्याजोगे आहे.

नियम थोडक्यात: कबुतरांना दाणे टाकू नयेत, सान मार्कोच्या पायऱ्यांवर बसून खाऊ नये, कालव्यात पाय सोडू नयेत की उतरू नये. दंड होतो. गल्लीत उजव्या बाजूने एकामागे एक चालावे, पुलाच्या मधोमध थांबू नये. 2024 पासून मार्गदर्शकासह फिरणाऱ्या गटात 25 पेक्षा जास्त माणसांना मनाई आहे आणि ध्वनिक्षेपकही चालत नाही. ही गोष्ट आपल्या सहल संयोजकांनी नीट वाचावी.

पुराची भीती उन्हाळ्यात बाळगू नये. चौकात पाणी चढते ते प्रामुख्याने ऑक्टोबर ते जानेवारीत. खाडीच्या तीन मुखांवर 78 पोलादी दारे बसवली आहेत, ती 3 ऑक्टोबर 2020 रोजी पहिल्यांदा भरतीपुढे उभी राहिली. आपल्या खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांधलेल्या शेतातल्या मानशीची दारे भरतीच्या दाबाने आपणहून मिटतात. ही मात्र तळाशी पडून असतात आणि आत हवा भरली की वर येतात. उन्हाळ्यात त्रास असतो तो ओहोटीला लहान कालव्यांतून येणाऱ्या वासाचा आणि रात्रीच्या डासांचा. मलम सोबत न्यावे. जुलैच्या तिसऱ्या रविवारी रेदेंतोरेचा सण येतो, 1577 साली संपलेल्या प्लेगच्या स्मरणार्थ. समोरच्या जुदेक्का बेटापर्यंत तरंगता पूल टाकतात, आदल्या रात्री आतषबाजी होते, आणि बोटींचे मार्ग बदलतात. हॉटेल त्या आठवड्यात खूप आधी घ्यावे लागते.

संयोजकांना एक विनंती. जाहिरातीत 'व्हेनिस' छापताना मुक्काम बेटावर, मेस्त्रेत की पादोव्हात, शहरात प्रत्यक्ष किती तास आणि कोणत्या वेळी, आणि प्रवेश शुल्क भाड्यात धरले आहे का, एवढे तीन मुद्दे छापावेत. ज्यांनी यंदाची नोंदणी आधीच केली आहे त्यांनी उरलेले पैसे भरण्यापूर्वी या तिन्हींचे उत्तर लेखी मागून घ्यावे.

आपला,
एक वाचक, फोंडा