पाणी प्यावे, पण मग जावे कुठे?

मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गावरील घरगुती उपायांचा लेख रविवारच्या आरोग्य पुरवणीत वाचला. धने-जिऱ्याचे पाणी, जवाचे पाणी, कोकम सरबत हे आमच्याही घरी चालते. पण त्यातला खरा गुण बहुधा पाण्याचाच. वारंवार हा त्रास होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी वगैरे पिणाऱ्या १४० स्त्रियांवरील एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या जणींना रोज आणखी दीड लिटर पाणी प्यायला दिले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांना ३.२ वेळा. (ताप आला, कंबरेच्या वर पाठीत दुखू लागले तर मात्र काढे करत बसू नये, लेखात ही सूचना अगदी तळाशी होती.)

पण सकाळी ठाण्याहून मुंबईला निघणारी बाई मुद्दामच पाणी पीत नाही. लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही. गेल्या महिन्यात एका स्थानकावर गेले, तर दाराला कडीऐवजी सुतळी होती. ती एका हाताने आणि पर्स दुसऱ्या हाताने धरायची! माझी पाण्याची बाटली संध्याकाळी जवळजवळ भरलेलीच घरी येते. डब्यातल्या बहुतेक जणींचे हेच.

तेव्हा पुढच्या पुरवणीत उपायांबरोबर ठाणे ते मुंबई दरम्यानच्या स्थानकांवरील महिलांच्या स्वच्छतागृहांची पाहणीही छापावी, ही विनंती.

– एक नोकरदार वाचक, कळवा (ठाणे)